लाकडी ओटा हवा, पण कुठे?

प्रश्न : ताई, नेरूळला आमचा सिडकोच्या इमारतीतला जुना फ्लॅट आहे. स्वयंपाकघर नव्याने करतोय. ओटा एल आकाराचा, एकूण ११ फूट, आणि मला तो सगळा लाकडाचा हवाय. सुतार म्हणतात, रबरवुड घ्या, स्वस्त पडेल. सासूबाई म्हणतात, मासळी साफ करायच्या ओट्याला लाकूड कशाला? श्रावणात काम काढायचा विचार आहे. काय करू?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : आधी सासूबाईंच्या बाजूने बोलते. सिंकभोवती लाकूड अजिबात नको. ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या घरी मी २०१४ साली हीच हौस केली होती. सगळा ओटा सागवानी, सिंकही लाकूड कापून त्यातच बसवलेलं. दुसऱ्याच पावसाळ्यात नळामागची कड काळी पडली. लाकूड आडवं कापलं की त्याच्या बारीक नळ्यांची तोंडं उघडी पडतात आणि तिथून पाणी आत शोषलं जातं. ती कड मी तीनदा घासून घेतली, तीनदा पुन्हा काळी झाली. शेवटी तेवढा भाग काढून ग्रॅनाइट घातला.

उरलेला साडेतीन फुटांचा सागवान मात्र आजही आहे. त्यावर मी रोज कणीक मळते. परात सरकत नाही, पातेलं ठेवलं तर खणखणाट होत नाही, आणि थंडीतल्या पहाटे हात टेकला तर गार लागत नाही. म्हणून तुमची हौस मला मोडायची नाही. एलची लांब बाजू, म्हणजे सिंक आणि शेगडी, ग्रॅनाइटची करा. आखूड, कोरडी बाजू लाकडाची. मासळी ग्रॅनाइटवर साफ होईल, पोळ्या लाकडावर लाटल्या जातील.

रबरवुड मी घेणार नाही. त्या लाकडात पिष्ट भरपूर असतं, त्यामुळे कीड आणि बुरशी लवकर लागते; प्रक्रिया करूनच ते विकतात. टेबलाला ठीक, पण खाडीकाठच्या दमट हवेत ओट्याला नको. सागवानच घ्या, गाभ्याचा. खोडाच्या बाहेरच्या बाजूचा फिकट भाग सागवानाचा असला तरी टिकत नाही, तो सुताराकडून बाजूला काढून घ्या. पाडलेल्या चाळी-वाड्यांचे जुने वासे वखारीत मिळाले तर उत्तमच, लाकूड पुरतं मुरलेलं असतं. फक्त त्यातला खिळा न् खिळा उपटायला हवा.

याचं कारण सांगते. सागवानातलं टॅनिन (लाकडातला तुरट घटक), लोखंड आणि पाणी एकत्र आले की काळा डाग पडतो. माझ्याकडे एक ओला लोखंडी तवा रात्रभर ओट्यावर राहिला होता. सकाळी त्याचं गोल काळं कडं लाकडात उतरलेलं. ऑक्झॅलिक ॲसिडने ते गेलं, पण ते विषारी असतं. हातमोजे घालून लावावं लागतं आणि नंतर जागा दोन-तीनदा स्वच्छ धुवावी लागते. त्यापेक्षा तवा उचलणं सोपं.

आता बसवण्याबद्दल, कारण बहुतेक ओटे इथेच बिघडतात. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत हलतं. दोन फूट रुंदीचा ओटा पावसाळ्यात तीन-चार मिलिमीटर सहज फुगतो. सुताराने तो खालच्या कपाटाला फेविकॉलने चिकटवला तर फुगायला जागा न मिळून तो वाकतो, नाहीतर हिवाळ्यात आकसताना तडकतो. खालून स्क्रू मारायचे, भोकं लांबट ठेवायची, आणि भिंतीशी दोन सूत, म्हणजे पाव इंच, फट. ती टाइलच्या पट्टीखाली झाकली जाते. जाडी दीड इंच पुरे.

पॉलिशवाला काचेसारखं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, सुचवेल. दिसतं छान, पण एक चरा गेला की पाणी थराखाली शिरतं आणि मग सगळा ओटा खरवडावा लागतो. तेलच लावा. केमिस्टकडे मिळणारं लिक्विड पॅराफिन चालतं. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल नको, काही दिवसांनी खवट वास येतो. वरून लावाल तितकंच खालच्या बाजूलाही लावा. एकच बाजू कोरडी राहिली तर फळी वाकते. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, मग पाण्याचा थेंब मण्यासारखा उभा न राहता पसरायला लागला की पुन्हा एक हात.

आणि श्रावणात काम काढू नका. तेव्हा लाकूड फुगलेलं असतं. तसं बसवलं तर जानेवारीत सांधे उघडतात. ग्रॅनाइटचं काम हवं तर आधी उरका. लाकूड दसऱ्याला आणा, दोन-तीन आठवडे स्वयंपाकघरातच, खाली पट्ट्या घालून ठेवा, आणि दिवाळीनंतर बसवा.