दंडाची आतली बाजू

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचून आधी हसूच आलं. चोविसाव्या वर्षी विचारतेस, ‘काकू, अँटी-एजिंग आत्तापासून चालू करू का? कुठली क्रीम घेऊ?’ माझ्या मेडिकलमध्ये तीन महिने ट्रेनिंगला होतीस तेव्हा एक्सपायरी कशी बघायची ते शिकवलं, हे तेवढं राहिलं. फोनवर तू मला पुरं बोलू देत नाहीस, म्हणून लिहायलाच बसले.

आधी एक कर. बाही वर सार आणि दंडाची आतली, काखेकडची बाजू बघ. मग त्याच हाताचा पंजा उलटा करून बघ. मी एकोणसाठची झाले. माझा दंड आतून अजून मऊ, एकाच रंगाचा आहे. हाताच्या पाठीवर मात्र तपकिरी ठिपके, आणि चिमटीत धरून सोडली तर कातडी सावकाश खाली बसते. दोन्ही जागा एकाच वर्षी जन्मल्या. एकीला ऊन लागलं, दुसरीला नाही. वयानं कातडी कोरडी आणि पातळ होतेच, पण लोक ज्याला ‘वय दिसायला लागलं’ म्हणतात त्यातलं बरंचसं काम उन्हाचं असतं.

मी म्हणायची, आपण कुठे उन्हात असतो, दिवसभर काउंटरमागे. आपलं दुकान पश्चिमेकडे तोंड करून, आणि गल्ल्याशी उभं राहिलं की डावा गाल रस्त्याकडे. तू कधी नीट पाहिलं नसशील, पण माझा वांग डाव्या गालावरच गडद आहे. मधे एसी बसवला, काचेचं दार आलं, तेव्हा वाटलं सुटले. कुठलं काय! उन्हात डोळ्यांना न दिसणारे दोन जातींचे किरण असतात, यूव्हीबी आणि यूव्हीए. काच यूव्हीबी बराचसा अडवते, म्हणून चटका बसत नाही. यूव्हीए मात्र तिच्यातून येतो, आणि कातडीत खोल जाऊन कोलाजेन, म्हणजे कातडीला घट्ट धरणारं प्रथिन, खिळखिळं करतो तो हाच. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षं ट्रक चालवलेल्या ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो आला होता. खिडकीकडचा डावा गाल सुरकुत्यांनी जाड झालेला, उजवा कितीतरी तरुण. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे. माझे दीर एसटीत चालक होते. त्यांचे दोन हात दोन वेगळ्या भावांचे वाटायचे.

क्रीमच्या आधी कापड. शेतात खुरपायला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट चढवतात आणि डोक्याला फडकं बांधतात, त्याहून चांगला सल्ला मला देता येणार नाही. तुझा गाडीवरचा स्कार्फही चालेल, पण तो उजेडात धरून बघ. आरपार बोटं दिसली तर तो धुळीपुरताच. आणि स्कार्फ बांधतेस, सनकोटही घालतेस, पण हाताचे पंजे उघडेच राहतात. तिथे वय सगळ्यात आधी दिसतं.

उरलेल्या जागेला सनस्क्रीन. डब्यावर एसपीएफ, म्हणजे ऊन किती अडवतं त्याचा आकडा, असतो. एसपीएफ ३० नीट लावलं तर यूव्हीबीचा ९७ टक्क्यांच्या आसपास भाग अडतो, ५० ने ९८. त्या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे मोजू नकोस. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा. यूव्हीएसाठी डब्यावर पीए आणि त्यापुढची अधिकची चिन्हं बघायची, तीन तरी हवीत. वांग असेल तर किंचित रंग असलेलं घ्यावं. त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा उजेडही अडवतं, आणि आपल्या रंगाच्या कातडीवर वांग गडद करायला तोही पुरतो.

पण खरी गोम मापात आहे. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर लांब रेघ ओढून निघेल एवढं, म्हणजे ग्रॅमभर तरी लागतं. ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा लावली तरी दीड-दोन महिन्यांत संपायला हवी. माझी नेहमीची गिऱ्हाइकं दर उन्हाळ्यात एक ट्यूब न्यायची आणि पुढच्या मार्चमध्ये येऊन सांगायची, ‘काकू, काही फरक पडला नाही हो.’ पडणार कसा? बाहेर असशील तर दोन-दोन तासांनी परत लावायचं. ढग असले तरी लावायचं.

याला पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात नॅम्बर नावाच्या गावात ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये छापून आला. हाताच्या पाठीचे साचे काढून कातडी मोजली होती. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची कातडी मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली. दुसऱ्या एका गटाला बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांचा काही उपयोग दिसला नाही. ती माणसं बहुतेक गोरी, हे खरं. आपल्याकडे सुरकुत्या उशिरा येतात, डाग आधी.

आता जे लिहायला हात जड होतो ते. सुरुवातीच्या वर्षांत गोरं करणारी ट्यूब म्हणून लोक नाव घेऊन मागायचे ती मीही देत होते. डॉक्टरांची चिठ्ठी विचारत नव्हते. लग्न पंधरा दिवसांवर आलेली एक मुलगी नेऊ लागली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, सासरीही कौतुक झालं, मग ती दर महिन्याला नेत राहिली. तीन वर्षांनी आली तेव्हा गालांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, खाली लाल शिरा दिसताहेत, हनुवटीवर लव, कपाळभर पुळ्या. बंद केली की चार दिवसांत आग आग व्हायची, म्हणून पुन्हा लावायची. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या आईची कातडी तिच्यापेक्षा बरी होती. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं आणि ते मला माहीत होतं. पुढे २०१८ मध्ये सरकारनं अशा चौदा मलमांना चिठ्ठी सक्तीची केली. मी त्याआधीच थांबले होते, पण त्या मुलीला त्याचा काय उपयोग. मोमेटासोन, क्लोबेटासोल, बीटामेथासोन या स्टेरॉइडांतलं काहीही ट्यूबवर वाचलंस तर स्वतःच्या तोंडाला लावू नकोस आणि उद्या तुझ्या काउंटरवरून चिठ्ठीशिवाय देऊ नकोस. गिऱ्हाईक समोरच्या मेडिकलमध्ये जाईल. जाऊ दे.

सुरकुत्यांवर खरोखर काम करणारं जुनं औषध म्हणजे ट्रेटिनॉइन. ते पुळ्यांसाठी आलं. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अल्बर्ट क्लिगमन यांनी १९८६ मध्ये उन्हानं खराब झालेल्या कातडीवरचा त्याचा परिणाम मांडला. तुला आत्ता गरज नाही. पुढे लागलंच तर डॉक्टरांना विचारून, ०.०२५ टक्क्यांपासून, रात्री, वाटाण्याएवढंच, आठवड्यातून दोनदा. आधी सालपटं निघतील, घाबरू नकोस. दिवस राहायचा विचार असेल तर मात्र अजिबात नाही.

बाकीचं भराभर. लिंबू तोंडाला चोळून उन्हात जाऊ नकोस, काळे चट्टे पडतात. कोलाजेनच्या पावडरीवर मार्जिन छान असतं. मी घरी कधी डबा नेला नाही. सिगारेट ओढणारी मैत्रीण असेल तर तिच्या ओठांभोवतीच्या रेघा बघ. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर लाव. उन्हाला टाळून व्हिटॅमिन डी कमी होईल ही भीती असेल तर तपासून घे. आणि ते ६०,००० युनिटचं सॅशे डॉक्टर साधारण आठवड्यातून एकदा देतात. एक आजोबा ते रोज दुधातून घेत होते, तुला आठवत असेल.

हो, सनस्क्रीन गाडीच्या डिकीत ठेवतेस ते बंद कर. एप्रिल-मेमध्ये तिथे भट्टी असते, औषध खराब होतं. पर्समध्ये ठेव, आणि ट्यूबवर उघडल्याची तारीख पेनानं लिही, दुकानात सिरपच्या बाटलीवर लिहायचीस तशी.

तुझी,
मेडिकलवाली काकू