४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर डिजिटल स्कल्प्टिंग जमेल का?

तुम्ही विचारलंय की ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर ब्लेंडर किंवा झेडब्रश या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये स्कल्प्टिंग, म्हणजे मातीसारखं मॉडेल घडवणं, शिकता येईल, की नवीन मशीन मिळेपर्यंत थांबावं.

थांबू नका. चेहरा, हात, प्राणी, अंगाचे वळसे, कपड्याच्या मोठ्या चुण्या हे सगळं या मशीनवर शिकता येतं. कातडीवरचं रंध्र न् रंध्र मेशमध्ये (बिंदू आणि चौकोन जोडून बनलेल्या मॉडेलच्या पृष्ठभागात) कोरायला मात्र हे मशीन पुरणार नाही. शिकणाऱ्याला ती गरज फार उशिरा पडते.

मेमरी नेमकी कुठे जाते हे कळलं की अर्धं काम होतं. एकदा सबडिव्हाइड केलं, म्हणजे मेशची आणखी बारीक विभागणी केली, की प्रत्येक चौकोनाचे चार होतात आणि मेश एक पातळी वर जातो. सहा बाजूंच्या ठोकळ्यापासून सुरुवात केली तर आठव्या पातळीला ३,९३,२१६ चौकोन होतात, नवव्या पातळीला १५,७२,८६४ आणि दहाव्या पातळीला ६२,९१,४५६. एका बिंदूची जागा साठवायला १२ बाइट लागतात, म्हणजे दहाव्या पातळीला नुसत्या जागांचेच साधारण ७५ एमबी. आकडा किरकोळ वाटतो, पण त्यावर नॉर्मल्स (पृष्ठभागाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ती माहिती), कुठला बिंदू कुठल्या चौकोनात आहे याच्या याद्या, ब्रशखालचा भाग झटकन सापडावा म्हणून बांधलेली रचना, ग्राफिक्ससाठी काढलेली आणखी एक प्रत आणि अन्डूसाठी जपून ठेवलेल्या जुन्या अवस्था हे सगळं चढत जातं. तुमच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे ग्राफिक्सही याच ४ जीबीतून वाटा घेतं. रॅम संपली की ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कवर लिहायला लागते. हात पुढे गेलेला असतो आणि स्ट्रोक मागून येतो, तो इथे.

आता सॉफ्टवेअर. ब्लेंडरची सगळ्यात नवी आवृत्ती घ्यायचा आग्रह धरू नका. ४.० पासून विंडोज आणि लिनक्सवर किमान ओपनजीएल (ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घेणारी प्रणाली) ४.३ लागतं आणि जुन्या चिप्स तिथेच अडतात. २.९३ ही आवृत्ती ओपनजीएल ३.३ वर चालते आणि व्हॉक्सेल रीमेश (मेश सारख्या चौकोनांत नव्याने बांधणारं साधन), फेस सेट्स (मेशचे गट पाडणं), सुधारलेलं मल्टिरेझोल्यूशन (एकाच मेशच्या अनेक पातळ्या ठेवणं) असं हवं ते जवळपास सगळं तिच्यात आहे. तेवढंही चालत नसेल तर २.७९ ओपनजीएल २.१ वर चालते, मात्र तिची स्कल्प्टिंगची साधनं बरीच जुनी आहेत. जुन्या आवृत्त्या ब्लेंडरच्या अधिकृत साइटवरच मोफत मिळतात.

झेडब्रशची गोष्ट थोडी वेगळी. तो चित्र काढायला मुख्यतः प्रोसेसर वापरतो, त्यामुळे दुबळ्या ग्राफिक्सने त्याचं फारसं अडत नाही. रॅम मात्र त्यालाही लागतेच, आणि तो विकतचा आहे. अगदी पहिल्यांदा ब्रश हातात घेत असाल तर मी स्कल्प्टजीएल सुचवेन. ते ब्राउझरमध्ये चालतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि केलेलं काम ओबीजे किंवा एसटीएल फाइल म्हणून बाहेर काढता येतं. मधूनमधून फाइल उतरवून घेत राहा आणि बाकीचे टॅब बंद ठेवा.

पण खरा फरक पडतो तो कामाच्या पद्धतीने, आणि हे मी मनापासून सांगतो. मातीत काम करणारा आधी गोळा उभा करतो, नाकपुड्या नंतर. इथेही खालच्या पातळीवर जितका जास्त वेळ राहता येईल तितकं राहा. कवटीचा आकार, जबड्याचा कोन, डोळ्यांच्या खोबणी हे काही हजार चौकोनांत नीट बसत नसेल तर दहा लाखांतही बसणार नाही. सध्याच्या पातळीवर एकही चौकोन वाया जात नाही असं वाटेल तेव्हाच पुढे सबडिव्हाइड करा. तुमच्या मशीनवर एका वस्तूला चार-पाच लाख चौकोन ही मी कमाल मर्यादा धरेन.

सुरुवातीच्या घडणीत व्हॉक्सेल रीमेश वापरा. व्हॉक्सेलचा आकार निम्मा केला की चौकोन साधारण चौपट होतात, म्हणून तो जरा जरा कमी करा. डायनटोपो हे साधन फक्त ब्रश फिरतो तिथेच त्रिकोण वाढवतं, त्यामुळे ते हलकं असेल असं वाटतं. पण ब्लेंडरमध्ये त्याच्या मेशची अंतर्गत रचना साध्या मेशपेक्षा बरीच जड असते. कमी रॅमवर ते छोट्या दुरुस्तीपुरतं चालू करा आणि लगेच बंद करा. आकार पक्का झाला की मल्टिरेझोल्यूशनवर जा, आणि मोठा बदल करायचा असेल तेव्हा स्कल्प्टची पातळी खाली आणा. फास्ट नॅव्हिगेटही चालू ठेवा, मॉडेल फिरवताना ते खालची पातळी दाखवतं. डोकं, डोळे, केस, कपडे वेगवेगळ्या वस्तू ठेवा आणि जिच्यावर काम नाही ती लपवा.

प्रेफरन्सेसमध्ये अन्डूच्या पायऱ्या मुळात ३२ असतात, त्या १० वर आणा. त्याच्या बदल्यात फाइल वेगळ्या क्रमांकाने वारंवार सेव्ह करा. दृश्य सॉलिड मोडमध्ये मॅटकॅपवर (प्रकाशछटेच्या तयार आवरणावर) ठेवा, सावल्या आणि कॅव्हिटी (खाचा-कडा उठून दाखवणारा परिणाम) बंद. रंध्रं आणि बारीक सुरकुत्या शेवटी टेक्श्चरमधून (पृष्ठभागावर चढवायच्या चित्रातून) बम्प म्हणून, म्हणजे मेश न बदलता उंचसखलपणाचा भास म्हणून, द्या. २०४८ × २०४८ च्या, चार चॅनेलच्या आठ बिटी चित्राला १६ एमबी लागतात आणि त्यात जवळपास ४२ लाख पिक्सेल मावतात. तेवढाच तपशील मेशमध्ये भरायचा म्हटलं तर कितीतरी पट मेमरी लागेल.

पुढे खर्च करायची वेळ आली तर आधी रॅम ८ जीबी करा, लॅपटॉपमध्ये ती बदलता येते का ते पाहून. मग हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी. त्याने रॅम वाढत नाही, पण ती भरल्यावर मशीन मिनिटभर गोठायचं ते काही सेकंदांवर येतं. त्याआधी आजच एक करा: काम करताना टास्क मॅनेजर उघडा ठेवून कुठल्या पातळीला रॅम भरते ते बघा, आणि त्याच्या एक पातळी खाली काम करा.