स्वतःची मिथकं रंगवायचीत? मग हे वाच
पंख, साप, चंद्र आधी बाजूला ठेव, सगळे तिथूनच सुरू करतात आणि चित्राचं पोस्टर होतं. चित्रकार पॉला रेगो बघ, जन्म लिस्बनचा, शिक्षण लंडनच्या स्लेड या कलाशाळेत, तिची १९९४ ची 'डॉग वुमन' म्हणजे नुसती जमिनीवर दबा धरून गुरगुरणारी बाई, पेस्टलमध्ये, ना शेपूट ना जादू, तरी अंगावर येते. ती स्टुडिओत मॉडेल, बाहुल्या, कपडे मांडून अख्खं नाटक उभं करायची आणि समोर बघून काढायची, म्हणजे गोष्ट मनातली पण वजन खऱ्या शरीराचं. चित्रकार लिनेट यिआडम-बोआकीच्या चित्रांतली माणसं पूर्ण काल्पनिक असतात, पण त्याला हात बसलेला लागतो, एवढ्यात नको. तू घरातल्याच कुणाला तरी चादर गुंडाळून बसव. आणि गोष्ट काय ते सांगत बसू नको, कुणी विचारलं तरी.