पांढरी बोर्दो: नाकाला सोव्हिन्यों, तोंडाला सेमियों

पॅरिसहून आणलेल्या पेसाक-लेओन्याँच्या (फ्रान्समधल्या बोर्दो प्रदेशातला हा एक भाग) पांढऱ्या वाइनच्या बाटलीबद्दल तुम्ही विचारलंय. लेबलवर सोव्हिन्यों ब्लां आणि सेमियों अशी दोन द्राक्षं आहेत, पण नाशिकच्या सोव्हिन्योंसारखा भपकन वास येत नाही, उलट लाकडाचा येतो. मग कोणत्या द्राक्षाचं काय, हे कळणार कसं?

पहिली गोष्ट, बाटली फार थंड होती असा माझा अंदाज आहे. फ्रिजमधून काढल्या काढल्या ही वाइन मुकी असते. 11-12 अंशांवर येऊ द्या. अर्धा तास बाहेर ठेवा, आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमी. ग्लास एक तृतीयांशच भरा.

आता महत्त्वाचं. दोन्ही द्राक्षं वासावरूनच ओळखायला गेलात तर हाती काही लागणार नाही. नाकापाशी बोलते ती सोव्हिन्यों: पपनस, लिंबाची साल, कापलेलं गवत. सेमियोंला तरुणपणी वास बेताचाच. तिचं काम तोंडात चालतं. घोट घेतल्यावर लगेच गिळू नका. सुरुवातीला जिभेच्या कडांना जो आंबटपणा झोंबतो तो मुख्यतः सोव्हिन्योंचा. त्यानंतर जिभेच्या मध्यावर काहीतरी गोलसर, किंचित मेणासारखं पसरतं, आणि आंबटपणा असूनही वाइन पातळ वाटत नाही. ती सेमियों. नाशिकच्या, नुसत्या सोव्हिन्योंच्या बाटलीशेजारी ही ठेवून चाखा. नेमकी हीच मधली जागा तिथे रिकामी सापडेल.

तुम्हाला आलेला लाकडाचा वास खराबीचा नाही. पेसाक-लेओन्याँच्या चांगल्या पांढऱ्या वाइन बहुधा ओकच्या पिंपातच आंबवतात आणि कित्येक महिने यीस्टच्या गाळावर ठेवतात. तो गाळ अधूनमधून काठीने ढवळतात, त्यामुळे भरीवपणा आणखी वाढतो. म्हणजे तोंडातलं सगळं वजन सेमियोंच्या खात्यावर टाकू नका. थोडं पिंपाचं, थोडं गाळाचं. हे वेगळं काढायचं असेल तर आंत्र-द-मेरची साधी बाटली घ्या. गारोन आणि दोर्दोन्य या नद्यांमधला हा पट्टा. तिथल्या स्वस्त पांढऱ्या वाइन बहुतेक स्टीलच्या टाक्यांत होतात, त्यामुळे मिश्रण लाकडाशिवाय दिसतं. शिकायला मला तरी महागड्या बाटलीपेक्षा हीच बरी वाटते.

सोव्हिन्योंच्या वासाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पपनसाचा तो वास द्राक्ष खाल्लं तर जवळजवळ येतच नाही. बोर्दो विद्यापीठातले प्राध्यापक देनी द्युबुर्दिए (1949-2016) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या वासामागची गंधकयुक्त संयुगं रसात बांधलेल्या, वासहीन रूपात असतात आणि किण्वन होताना यीस्ट ती मोकळी करतं. आजची ताजी, स्वच्छ पांढरी बोर्दो घडण्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे.

मिश्रण का करतात? बोर्दो समुद्राजवळ, हवामान लहरी. वसंतात हिमाचा तडाखा, सप्टेंबरात पाऊस. सोव्हिन्यों साधारणपणे आधी पिकते, सेमियों थोडी मागून. एकीला फटका बसला तरी दुसरी हाताशी असते. मळ्याच्या प्रत्येक तुकड्याची वाइन वेगळी करून मग चाखून प्रमाण ठरवतात, म्हणून ते वर्षागणिक बदलतं. कधी म्युस्कादेल ही तिसरी द्राक्षजातही थोडी घालतात, फुलांच्या वासासाठी. मिश्रणात ती ओळखता आली नाही तर मनाला लावून घेऊ नका. आणि बोर्दो म्हणजे मिश्रणच असंही नाही: शातो मार्गो या बोर्दोतल्या नामांकित वाइनघराची ‘पाव्हियों ब्लां’ निव्वळ सोव्हिन्योंची असते.

सेमियोंची खरी किंमत वयानंतर कळते. चांगल्या वर्षाची पेसाक दहा वर्षांनी मध, भाजलेले बदाम, मेण अशी उलगडते, तोवर सोव्हिन्योंचा हिरवा वास बराच मागे सरलेला असतो. तुमची बाटली तीन-चार वर्षांचीच असेल तर अर्धी वाइन बाटलीतच राहू द्या, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चाखा. हवा लागल्यावर लाकूड मागे हटतं, फळ पुढे येतं.

सोबत तव्यावरचं पापलेट किंवा नारळाच्या दुधातली, कमी तिखटाची कोलंबी घ्या. झणझणीत रस्सा मात्र नको. तिखटाने अल्कोहोलची आग वाढते आणि सेमियोंचा तो मऊपणा जाणवतच नाही.