माशांच्या टाकीचं स्टँड बनवून घेताना

३ फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत सुमारे १६० लिटर पाणी मावतं. काच-वाळू धरून भार २०० किलोच्या आसपास. टीव्ही युनिटवर ती ठेवूच नका. त्याचं एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) मुंबईच्या पावसाळ्यात फुगतं, त्यात टाकीचं पाणी ठिबकतंच. आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचं १९ मिमी मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारं प्लाय, घ्या. वरची फळी उभ्या फळ्यांच्या डोक्यावर टेकली पाहिजे. मध्ये अडकवली तर सगळा भार स्क्रूंवर येतो. मधोमध आणखी एक उभी फळी हवीच. कापलेल्या कडा, आतल्यासुद्धा, सील करा. पाणी तिथूनच शिरतं. भरण्याआधी लेव्हल तपासा.

टाकीच्या झाकणाला मागून पूर्ण मोकळीक ठेवा, नाहीतर मे महिन्यात पाणी तापतं आणि ऑक्सिजन घटतो.