नव्या औषध निर्माण अधिकाऱ्याला

गेल्या महिन्यात किती वाटलं एवढंच बघून गर्भनिरोधकांचा साठा मागवशील, तर फसशील. कपाट रिकामं असलं की वाटप शून्य दिसतं, मागणी शून्य नसते. (वरून मात्र विचारणा होते, खप का नाही म्हणून!) छाया या गर्भनिरोधक गोळीचंच बघ. पहिले 3 महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. म्हणजे नव्या बायका वाढल्या की खप एकदम चढतो. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर 3 महिन्यांनी. त्या दिवशी ते नसलं तर बाई पुन्हा येईलच असं नाही. जावळी-पाटणच्या वरच्या वाड्यांतल्या आशाताईंना जूनआधीच जादा पाकिटं दे, पाऊस लागला की तिकडं गाडीचा भरवसा नाही. एफपी-एलएमआयएसवरचा, म्हणजे कुटुंब नियोजन साठ्याच्या ऑनलाइन नोंदीतला आकडा कपाटाशी स्वतः जुळव. निरोधचे खोके भिंतीला टेकवू नकोस, ओल धरतात. ऑक्सिटोसिन हे बाळंतपणातलं इंजेक्शन फ्रिजमध्येच, 2 ते 8 अंशांत, आणि दाराच्या कप्प्यात नको.