सोडलं की थांबलं पाहिजे: वीडरच्या लिव्हर-केबलची प्रश्नोत्तरे

पावसाने उघडीप दिली की सोयाबीनच्या ओळींत वीडर, म्हणजे तण काढणारी इंजिनवाली यंत्रं, शिरतात आणि इंदूरच्या आमच्या वर्कशॉपचा फोन वाजायला लागतो. या खेपेची चार पत्रं.

क्लचची लिव्हर सोडली तरी पाती हळूहळू फिरत राहतात. एवढं चालतं का? (राऊ)

अजिबात नाही. लिव्हर धरल्यावर यंत्र चालतं हे सगळे बघतात. सोडल्यावर थांबतं का, हे कुणी बघत नाही. पाय वाचतो तो सोडण्यावर.

केबल जास्त ताणलेली असली की लिव्हर सोडूनही पात्यांना फिरवणारा बेल्ट पूर्ण सैल होत नाही. इंजिन बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढा. केबलच्या टोकाशी बारीक आट्यांचा अ‍ॅडजस्टर असतो. त्याचा लॉकनट सैल करून अ‍ॅडजस्टर एकेक आटा आत फिरवा. लिव्हर आधी जरा मोकळी हलली पाहिजे, मगच स्प्रिंगचा ताण हाताला लागला पाहिजे. तो मोकळेपणा म्हणजे प्ले. किती ठेवायचा ते पुस्तिकेत दिलेलं असतं. लॉकनट पुन्हा आवळा, टोपी बसवा आणि मोकळ्या जागेत कमी रेसवर तपासा.

प्ले असूनही पाती फिरत असतील तर केबल आवरणात अडकतेय. पावसाचं पाणी शिरून आतली तार गंजते. पातळ तेलाचे चार थेंब वरून सोडा. तारेचे पदर उसवले असतील तर सरळ केबल बदला. परतीची स्प्रिंग निसटली नाही ना, तेही बघा.

हात दुखतो म्हणून एकाने लिव्हर सुतळीने बांधूनच मशीन आणलं होतं. मी पाना नंतर उचलला, आधी सुतळी कापली.

ओल्या काळ्या मातीत बेल्ट घसरतो. केबल आणखी ताणू का? (सांवेर)

आधी बेल्ट बघा. कडा काचेसारख्या चकाकत असतील किंवा तो पुलीच्या खाचेत तळाला टेकला असेल, तर तो संपला. संपलेल्या बेल्टवर केबल ताणत बसलात की वरच्या राऊकरांचा प्रश्न तुमच्याही घरी येतो. आणि भाऊ, वाफसा येऊ द्या. पात्यांना चिखलाचे गोळे चिकटले की नवा बेल्टही घसरतो.

रेस कमी केली तरी इंजिन उतरत नाही. (देपालपूर)

रेसची केबल हँडलच्या घडीत चेपली असणार. ती मोठ्या वळणाने बांधा. कार्बोरेटरजवळची स्प्रिंग जागेवर आहे का बघा, धूळ पुसा. बहुतेकदा एवढ्यावर भागतं.

मुलगा कॅनडात बर्फ फेकायचं यंत्र वापरतो. त्यालाही दोन लिव्हर आहेत. काय सांगू? (सुदामानगर, इंदूर)

काकू, इंदुरात बर्फ म्हणजे गोळ्यावरचा, पण केबलचं तंत्र तेच. मोठ्या यंत्रांत एक लिव्हर चाकांची, दुसरी बर्फ ओढणाऱ्या स्क्रूची. दुसरी सोडल्यावर स्क्रू पाच सेकंदांत थांबलाच पाहिजे. स्क्रूची पिन मुद्दाम नरम असते. दगड अडकला की ती तुटते आणि गिअर वाचतो. तिच्या जागी साधा बोल्ट ठोकू नये.

आणि बर्फ फेकणारं तोंड तुंबलं तर हात कधीच नाही. इंजिन बंद असलं तरी अडकलेल्या पात्यात ताण उरलेला असतो. बर्फ निघाला की ते झटक्यात फिरतं. इंजिन बंद करायचं, सगळं थांबू द्यायचं, मग काठीने मोकळं करायचं. यंत्राबरोबर प्लॅस्टिकची काठी येते. ती जागेवर आहे का, एवढं आजच फोनवर विचारा.